साटमनंतर सावंत

वंदू, परवा तुला खाली नेताना पुढचा उजवा खांदा बाळू सावंतचा होता.

तुझ्या नानांनी त्याला अडवलं नाही. तो आला, चपला बाजूला काढल्या आणि काही न बोलता पुढे होऊन उभा राहिला. आमच्या भटवाडीच्या टेकडीवरून कुणालाही खाली नेणं सोपं नसतं. प्रत्येक वळणावर तो मागच्यांना "हळू, हळू, उतार आहे" असं सांगत होता. आम्ही बायका वरच थांबलो. शेजारच्या काकू माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हा त्या सावंतांचा पुतण्या ना गं? ह्याचा काय संबंध?" मी मान हलवली नुसती. सांगायला बसले असते तर खूप सांगावं लागलं असतं. आणि खरं सांगू, सावंतांचं नाव निघालं की माझा आवाज अजून आपोआप खाली जातो.

म्हणून तुलाच सांगते. तुला सगळं माहीत आहे, तरी.

आपण दोघी म्युन्सिपाल्टीच्या मराठी शाळेतून अकरावीला कॉलेजात गेलो, ती भीती आधी. इकॉनॉमिक्सचे सर पहिल्या दिवसापासून इंग्रजीत बोलायचे. फळ्यावर एक उभी रेघ, एक आडवी रेघ, मध्ये तिरकी रेघ, आणि मग घंटा होईपर्यंत इंग्रजी. मी तिरकी रेघ वहीत उतरवून घ्यायचे आणि ती कशाची हे कुणी विचारू नये म्हणून पुढच्या मुलीच्या पाठीआड बसायचे. एकदा सरांनी तुला उठवलं. इलॅस्टिसिटी म्हणजे काय, सांग. मी बाकावर आणखी खाली सरकले, प्रश्न तुला होता तरी. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "सर, मीठ महागलं तरी आई तेवढंच आणते. कांदे महागले की कमी आणते. कुठली वस्तू किमतीनं किती ताणली जाते, ते." वर्ग हसला. सर म्हणाले, "इन इंग्लिश, प्लीज." तू म्हणालीस, "सर, इंग्रजी येत नाही अजून. पण बरोबर आहे ना?"

सर खडू खाली ठेवून म्हणाले, "बरोबर आहे. बस."

त्या दिवशी मी ठरवलं, तुला सोडायचं नाही. तू बहाद्दर होतीस म्हणून मी तुझ्या मागे लपले, असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

मग बारावी. नानांची गिरणी बंद पडलेली, ते फोर्टातल्या कुठल्याशा इमारतीत लिफ्टवर लागले होते. तू घरी शिवणाचं काम करून अभ्यास करायचीस. वर्गात आपल्या पुढे-मागे कोण आहे, याकडे आपलं लक्षच नव्हतं. परीक्षेचे नंबर आले तेव्हा कळलं. साटमनंतर सावंत. तू साटम, म्हणून तुझ्या मागच्या बाकावर बाळू सावंत.

बाळूला वर्गात सगळे ओळखायचे, पण त्याच्याशी बोलायचं कुणी नाही. अकरावीत दोनदा बसलेला, आपल्यापेक्षा मोठा, मिशी फुटलेला. त्याच्या काकांचं नाव टेकडीवर घ्यायची गरज नसायची, नुसतं 'काका' म्हटलं की पुरायचं. वरच्या नळाला पाणी किती वेळ, कुठल्या गल्लीला आधी, नवीन झोपडं कुणी कुठे टाकायचं, सगळं काकांकडे. त्यांच्या माणसांनी एकाला भर दुपारी नळावर मारलेलं मी हंडा घेऊन रांगेत उभी राहून पाहिलं होतं. मारणारे आरडाओरडा करत नव्हते. गप्प मारत होते. त्याचीच मला जास्त भीती वाटली होती.

त्यातलेच दोघे फेब्रुवारीत आपल्या वाटेत उभे राहिले. क्लासवरून येत होतो, ऊन चांगलं होतं, आजूबाजूला माणसं होती. एकाच्या हातात शेंगदाण्याची पुडी. तो अगदी गोड बोलला, "ताई, तुमचा नंबर बाळूभाऊच्या पुढे आलाय ना? बाकीच्या विषयांचं जमवलंय आम्ही. इकॉनॉमिक्सचं तेवढं तुम्ही बघायचं. पेपर जरा डाव्या बाजूला सरकवून लिहायचा, बस. काही बोलायचं नाही, काही नाही." आणि पुडी तुझ्यापुढे धरली. "घ्या ना."

तू एक शेंगदाणा घेतलास. मला तो क्षण स्वप्नात दिसतो.

घरी येऊन सांगितल्यावर नाना भिंतीला टेकून बसले. "दाखव गो चेडवा," ते म्हणाले. "आपला काय जाता? तुझे मार्क काय कमी होतत काय?" मीही तेच म्हटलं. किती भांडलो आपण त्यावर! मी म्हटलं, "वाटल्यानं कमी होत नाही अशी एक तरी वस्तू आहे ना जगात, मग दे की." तू म्हणालीस, "शुभा, आज इकॉनॉमिक्स. उद्या ते म्हणतील बी.ए.चं पण बघा. परवा म्हणतील नळावर आमच्यासाठी नाव लिहून घ्या. कुठे थांबणार?" मी म्हटलं, "तुझ्या नानांना उद्या रस्त्यात गाठलं तर?" तू सुईत दोरा घालत बसलीस. तो जाईना. मला वाटलं, दोरा जाड आहे.

दुसऱ्या दिवशी तू जे केलंस त्यानं माझी झोप उडाली. कॉलेजच्या कँटीनमध्ये बाळू एकटाच बसला होता. तू सरळ त्याच्या टेबलाशी गेलीस. मी चार हात मागे, पळायची तयारी ठेवून.

"बाळू, मी पेपर दाखवणार नाही."

त्यानं वर बघितलं. चिडला नाही. चेहरा पांढरा पडला त्याचा. "अगं, मग काका माझी वाट लावतील."

"दाखवणार नाही. पण शिकवीन. रोज दुपारी मंडळाच्या वाचनालयात ये. पास होण्यापुरतं मी तुझ्याकडून करून घेते."

"मला नाही येत गं ते. डोक्यात जातच नाही."

"इंग्रजीत जात नसेल. ये तर."

तो आला. पुस्तकांच्या दोन कपाटांमधल्या त्या टेबलाशी तू, तो आणि कोपऱ्यात मी. तू म्हणालीस म्हणून मी बसायचे. नाहीतर बसले नसते. बाहेर बाकावर ते दोघे. दार उघडं. आत आपण काय बोलतो ते त्यांना ऐकू जात होतं.

मक्तेदारीचा धडा घेतलास तो दिवस माझ्या अंगावर अजून काटा आणतो. तू सांगत होतीस, एखादी वस्तू विकणारा एकच असला, दुसरा कुणी आला तर त्याला तो येऊ देत नसला, तर किंमत तोच ठरवतो. घेणाऱ्याला बोलायला जागाच राहत नाही. "कळलं? आता उदाहरण दे."

"रेल्वे," बाळू म्हणाला.

"छान. अजून एक. पुस्तकातलं नको, बघितलेलं सांग."

 बाळूनं दाराकडे बघितलं, मान खाली घातली आणि अगदी हळू म्हणाला, "काका."

बाहेर शेंगदाण्याची टरफलं पडत होती तीही थांबल्यासारखी वाटली मला.  आता ते उठतील, आत येतील, असं वाटलं. तू पुस्तकाचं पान उलटलंस आणि म्हणालीस, "बरोबर. पण पेपरात रेल्वेच लिही."

बाळू हसला. तू पण. मला हसू आलं नाही. मी त्या दिवशी घरी जाऊन आजारी पडल्यासारखी झोपून राहिले.

पेपराच्या दिवशी फाटकासमोर, पानवाल्याच्या टपरीशी ते दोघे उभे होते. माझा नंबर शेजारच्या रांगेत, पण तिरकं बघितलं की तू दिसायचीस आणि तुझ्या मागे तो. सुपरवायझर खिडकीतून बाहेर बघत होते. ते अर्धा पेपर बाहेरच बघत होते. त्यांनाही कुणीतरी गोड शब्दांत काही सांगितलं असणार. बाळूनं पट्टीनं तुझ्या पाठीला टोचलं. तू हलली नाहीस. पुन्हा टोचलं. डावा हात तू पूर्ण पेपरावर आडवा टाकला होतास. माझं काय लिहून झालं नि काय राहिलं, मला कळत नव्हतं. तिसऱ्यांदा त्यानं टोचलं आणि मला ऐकू आलं, "ए साटम, पहिलाच येत नाहीये. पहिलाच येत नाहीये गं."

मागे न बघता, ओठ न हलवता तू म्हणालीस, "सोड तो. चौथा बघ. मक्तेदारी आलीय."

 मग तुझ्या मागून पेन चालल्याचा आवाज यायला लागला.

यावर मी तुला नंतर किती छळलं. ही कॉपी झाली की नाही झाली? तू म्हणायचीस, नाही, मी प्रश्न सांगितला, उत्तर नाही. मी म्हणायचे, परीक्षेत बोललीस म्हणजे झालीच. तो वाद मिटला नाही तो नाहीच.

जूनमध्ये निकाल लागला. तू इकॉनॉमिक्समध्ये कॉलेजात पहिली आलीस. बाळू बाकीच्या सगळ्या विषयांत पास झाला, पण इकॉनॉमिक्समध्ये थोडक्यात गेला.

त्या रविवारी मी तुझ्याकडेच होते. तुझी आई मांदेली साफ करत होती, मी तिच्याशेजारी राख घेऊन बसले होते, नाना वर्तमानपत्र वाचत होते. बाहेरचा आवाज बंद झाला. गल्लीत खेळणारी मुलं, रेडिओ, सगळंच गप्प. तेव्हाच मला कळलं. काका स्वतः वर आले होते. पांढरा लेंगा-झब्बा, हातात काही नाही. शेजारी बाळू, खाली मान. नाना उठायला गेले आणि त्यांना उठता येईना. तू दारात गेलीस.

"साटमांची मुलगी तूच?" काका म्हणाले.

"हो."

"बाकी सगळ्यात पास झाला. तुझ्याच विषयात गेला. तुला निरोप मिळाला होता ना?"

"मिळाला होता."

"मग?"

मी तुझ्या आईचा हात धरला होता. खवल्यांनी भरलेला, थंडगार. तू म्हणालीस, "बाकीच्या विषयांतले मार्क त्याचे नाहीत, काका. ह्यातले त्याचे आहेत. जेवढे आहेत तेवढे."

मला वाटलं, संपलं. आता हात उचलतील.  मग बाळू बोलला, खाली बघतच. "काका, मला येतंय थोडं. खरंच."

"काय येतंय?"

"किंमत वाढली की मागणी कमी होते."

"हे शिकायला कॉलेजात जायला लागतं?"

"नाही, पण..." बाळूनं मान वर केली. "पण सगळ्याची नाही होत. पाण्याची नाही होत. पाणी कितीही महाग केलं तरी माणूस घेतो. कारण त्याला दुसरीकडे कुठे मिळत नाही."

पुतण्या काय बोलून गेला ते काकांना कळलं की नाही, मला आजही माहीत नाही. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग तुझ्याकडे. "ऑक्टोबरला बसव त्याला," ते म्हणाले. "तूच शिकव. परत गेला तर मी परत येईन." आणि उतरले.

ते गेल्यावरही तू दारातून हलली नाहीस. मी तुला ओढायला आले तर ओरडलीस, "थांब तिथेच! आईला आत घेऊन जा. नानांना पाणी दे." मला तुझा राग आला होता. एवढं सगळं करून वर तोरा, असं वाटलं. तू बराच वेळ एकटी तिथे पाठमोरी उभी होतीस.

ऑक्टोबरपर्यंत तू त्याला रोज शिकवलंस. रोज बाकावर ते दोघे. तो पास झाला. त्याची बातमी टेकडीवर पसरली आणि पुढच्या वर्षी त्या दोघांपैकी एकानं आपली बहीण आणून तुझ्यासमोर बसवली. मग दुसरी मुलं आली. मराठी शाळेतून कॉलेजात गेलेली, तिरक्या रेघेला घाबरणारी. तुझं बी.ए. झालं, एम.ए. सुरू झालं, आणि वाचनालयातला क्लास चालूच राहिला. बाळू टेम्पो चालवायला लागला, पण बाकं कमी पडली की तोच आणून टाकायचा. मी विक्रोळीला टायपिस्ट म्हणून लागले आणि रविवारी तुझ्याकडे यायचे, ते फक्त भांडायला. आपलं दुसरं न संपलेलं भांडण, पुस्तकातलं पहिलंच वाक्य. माणसाच्या गरजा अमर्याद असतात. तू म्हणायचीस, साफ खोटं. ज्यानं लिहिलं त्यानं आमच्या आईला विचारलं नाही. मी म्हणायचे, विचारलं तर तीही यादी देईल, तुला ऐकायची नाहीये.

आणि मग ही कावीळ. पाण्यातून, डॉक्टर म्हणाले. टेकडीवर दरवर्षी चार-पाच घरांत होते, पथ्य पाळलं की बरी होते. सगळे तेच म्हणत होते, तूही म्हणत होतीस. माझ्याच मनात पहिल्या दिवसापासून धडधड होत होती. तुझे डोळे पिवळे झाले ते ठीक, पण तू एकदा मला दुसऱ्याच नावानं हाक मारलीस.

हॉस्पिटलात तू शुद्धीत होतीस ती शेवटची दुपार. खिडकीतून ऊन तुझ्या पायांवर आलं होतं. तू म्हणालीस, "शुभा, तो रविवार आठवतो? काका आले होते तो?"

"तो कसा विसरेन?"

"मी दारातून आत का येत नव्हते, माहितीये?" तू हसायला लागलीस आणि हसता हसता तुला धाप लागली. "अगं, माझा परकर ओला झाला होता. ते 'मग?' म्हणाले ना, तेव्हाच. मी हलले असते तर सगळ्यांना दिसलं असतं. म्हणून उभी राहिले."

मी पाणी पुढे केलं, तू मान हलवलीस.

"आणि त्यानंतरही रोज," तू म्हणालीस. "वाचनालयाची पायरी चढताना रोज पोटात कळ यायची. अजून येते. ते बाकावर नसले तरी येते. तुला वाटायचं मी धीट आहे. नानांनाही वाटायचं. मग मी कशी सांगणार?"

मला तुला मिठी मारायची होती. सलाईनची नळी मध्ये होती. मी तुझे पाय चेपले. मग तू अगदी साध्या आवाजात विचारलंस, "मी मरणार का गं?"

सगळे तुला "काहीतरीच काय" म्हणत होते. माझ्या तोंडून ते निघालं नाही. मी म्हटलं, "माहीत नाही, वंदू. मला खूप भीती वाटतेय."

"मला पण," तू म्हणालीस, आणि माझं बोट घट्ट धरलंस. मग जरा वेळानं म्हणालीस, "बघ, आत्ता मला एकच गोष्ट हवीय. थंड पाण्यानं आंघोळ. बाकी काही नाही. सांगत होते ना, पुस्तक खोटं आहे."

मी उत्तर दिलं नाही. तुला दमवायचं नव्हतं. आता देते. पुस्तक खरं आहे, वंदू. मला तू हवी आहेस. तुझा आवाज हवा आहे, तुझं भांडण हवं आहे, पेपरात बोललीस ती कॉपीच होती हे तुझ्याकडून एकदा कबूल करून हवं आहे. तुझं एम.ए. झालेलं बघायचं आहे. तुझ्या आईला पुन्हा मांदेली साफ करताना बघायचं आहे, ती आता चुलीकडे जातच नाही. त्या रविवारी तुझा राग आला होता, तो तुझ्यासमोर बसून परत घ्यायचा आहे. मोजायला लागले की संपत नाही. तू आत्ता काय म्हणाली असतीस, ते मला ऐकायचं आहे, आणि ते तर मिळणारच नाही.

काल क्लासमधली एक मुलगी घरी आली. परीक्षा जवळ आलीय, ताई, आता क्लास बंद का, असं विचारत होती. मी तिला सांगितलं की मला शिकवता येत नाही. ती गेली नाही, दारातच उभी राहिली. मग मी पदर खोचला आणि तिच्याबरोबर निघाले.

यंदा तुझ्या वर्गात कुणाचा तरी पुतण्या आहे, हे तू मला सांगितलं नव्हतंस. सांगितलं असतंस तर मी गेले नसते. दुसऱ्या बाकावर, पाय पुढच्या बाकावर टाकून बसला होता. बाहेर दोघे. नवीन दोघे. मी टेबलामागे उभी राहिले. पोटात कळ आली. सगळी मुलं माझ्याकडे बघत होती आणि मला धड्याचं नावही आठवत नव्हतं.

मी त्याला म्हटलं, "पाय खाली घे."

आवाज इतका फाटला माझा, की मागची दोघं-तिघं हसली. तो हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला, मग दाराकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी टेबलाची कड धरून उभी होते. 

त्यानं पाय खाली घेतले. सावकाश घेतले, आधी एक, मग दुसरा. पण घेतले. मग मी फळ्याकडे वळले आणि एक उभी रेघ काढली.